गळके व्हायझर आणि पान्याची लाज

११ जुलैला आम्ही दरवर्षी सीवूड्सहून घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात जातो. १९९७ साली याच दिवशी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, वस्ती रस्त्यावर उतरली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. आमच्यातले निम्मे तेव्हा जन्मलेलेही नव्हते. तरी जातो. पाऊस असतोच. सहा-सात मोटरसायकली, पाम बीच रोडने वाशी, मग खाडीपूल, मानखुर्द, घाटकोपर. अभिवादन करायचे, ओळखीच्या घरी चहा घ्यायचा आणि रात्री परत.

२०२५ मध्ये परतताना वाशीच्या खाडीपुलावर आमच्यातल्या एकाच्या गाडीचा दिवा गेला. आधी मीटर लुकलुकले, मग मीटर आणि हेडलाइट दोन्ही बंद. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना दिवा बंद करायचे बटणच नसते, इंजिन चालू झाले की दिवा लागतो. म्हणजे हा विसरला वगैरे काही नव्हते. पुलावर थांबायला जागा नाही, मागून ट्रक. आम्ही दोन गाड्या त्याच्या पुढे घातल्या, दोन मागे ठेवल्या आणि त्याला मधे घेऊन तीस-पस्तीसच्या वेगाने सीवूड्सपर्यंत आणले. त्या रात्री त्याला कामावर जायचे होते. गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्याचे नाव लिहीत नाही. बी.कॉम. झालेला आहे, करावे गावातल्या भाड्याच्या खोलीत आई आणि बहिणीसोबत राहतो, आणि संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंत लोकांच्या घरी जेवण पोहोचवतो. ॲपवाले त्याला ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनरची गाडी पार्टनरची, पेट्रोल पार्टनरचे, पंक्चर पार्टनरचे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या कायद्यात आणली खरी. पण दिवा गेला म्हणून दोन रात्री घरी बसलेल्या पोराचे काय, याचे उत्तर त्याने व्याख्येत शोधायचे की कुठे, ते आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

त्यात पावसाळा. आदल्या दिवशी, १० जुलैला, आषाढ पौर्णिमा होती आणि आमच्या विहारात वर्षावास सुरू झाला होता. रोज रात्री आठ वाजता ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन. भगवंतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी थांबायला सांगितले, कारण चिखलातून फिरताना कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात अशी लोकांची तक्रार होती. आमच्या या भावाचे नेमके उलटे. पाऊस जितका जोरात, तितक्या ऑर्डरी जास्त, कारण पावसात कोणी घराबाहेर पडत नाही. जग थांबते तेव्हा याने फिरायचे. वाचनाला तो कधीच नसायचा आणि आम्ही, खोटे कशाला बोला, त्याला टोमणेही मारायचो.

तर, त्याची गाडी.

दीडशे सीसीची, सेकंड हँड. पुढे हेडलाइटभोवती प्लास्टिकचे कवच असते त्याला कोणी काउल म्हणते, कोणी फेअरिंग. आमच्याकडे सरसकट व्हायझर. त्याच्या आत हेडलाइट, वर मीटर, मागे वायरिंगचा गुंता आणि चार-पाच कपलर. कवच आणि हेडलाइट यांच्यामधे रबराची पट्टी असते, कवच आणि मीटरच्या मधे दुसरी. या पट्ट्या धड असल्या तर पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळून जातो. याच्या गाडीला आधीच्या मालकाने कुठेतरी ठोकर दिली होती आणि डुप्लिकेट व्हायझर बसवले होते. डाव्या बाजूला फटीत नख जेमतेम जाई, उजव्या बाजूला करंगळी. रबर उन्हाने कडक होऊन चिरले होते आणि एका कोपऱ्यात पट्टी कमी पडली म्हणून दोन बोटांची जागा उघडीच सोडली होती.

एका सर्व्हिस सेंटरने बघितले आणि सांगितले की व्हायझर, ब्रॅकेट, वायरिंग, सगळे बदलावे लागेल, साडेनऊ हजार. मुलाने विचारले, “नुसती फट बंद करता येणार नाही का?” काउंटरवरचा हसला. त्याचाही दोष नाही; त्याला सुटा भाग विकायला बसवले आहे, फट बंद करायला नाही.

मग आम्ही शहाणपणा केला. आमच्यात एक मेकॅनिकल डिप्लोमा, एक बी.एस्सी., बाकीचे यूट्यूब. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून व्हायझरची एकूण एक फट लिंपून टाकली. वर, खाली, बाजूला, हेडलाइटच्या पाठीमागच्या रबरी टोपीला, जिथे बोट पोचेल तिथे. दिसायला बेंगरूळ, पण पक्के. कपलर पुसून परत जोडला, दिवा लागला. रात्री तो कामावर गेला. आम्ही खूश.

पाचव्या दिवशी हेडलाइटच्या काचेवर आतून धुके. सातव्या दिवशी आत पाणी, अर्धा पेला तरी असेल. गाडी वळवली की डचमळलेले दिसायचे. आठव्या दिवशी दिवा पुन्हा गेला. व्हायझर उघडले तर कपलरच्या पितळी पिना हिरव्यागार. तांब्या-पितळेला कळंक चढतो तसा कळंक. सीवूड्सला खाडी दोन पावलांवर. खारी हवा आधीच धातू खाते, त्यात आम्ही भर घातली होती.

इथे आम्ही काकांकडे गेलो. काका म्हणजे आमच्यातल्या एकाचे चुलते, एस.टी.च्या आगारात फिटर होते, निवृत्त होऊन नेरुळला असतात. आय.टी.आय. केलेली त्यांच्या गावातली पहिली पिढी. ते आले, गाडीपाशी उकिडवे बसले, सिलिकॉनला बोट लावून वास घेतला.

“पाणी कुठनं येतंय ते बघितलं का रे आधी? का नुसतं लिंपलं?”

“लिंपलं, काका.”

“घर सारवल्यागत.”

एवढेच बोलले. मग त्यांनी आमच्याच हातांनी ते सगळे सिलिकॉन काढायला लावले. अडीच तास लागले. लाकडाची पाचर करून घेतली, कारण स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले की प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यातून पाणी वाट काढते.

काकांनी सांगितलेले आम्हाला कॉलेजात कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर ते परीक्षेपुरते होते. हेडलाइटचा डबा कधीच पूर्ण बंद नसतो. बल्ब तापतो, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट हवी. मग वरून पावसाचे गार पाणी पडले की तीच हवा आकसते आणि आत ओढ लागते. वाट मोकळी असेल तर हवा आत येते. वाट बुजवली असेल तर केसाएवढ्या फटीतून पाणी ओढले जाते. म्हणून डब्याला मागे श्वासाची बारीक नळी असते आणि व्हायझरच्या तळाला खाचा. आम्ही नेमक्या त्याच बुजवल्या होत्या. वरून शिरलेल्या पाण्याला खाली निघायला दार ठेवले नाही, मग ते राहणार कुठे? आणि आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते. ते बंद जागेत तांब्या-पितळेला खाते. पाकिटावर ‘न्यूट्रल’ लिहिलेले वेगळे मिळते, वास येत नाही, पैसे थोडे जास्त. आम्ही स्वस्तातले घेतले होते.

“शाकारताना वळचण मोकळी ठेवतात,” काका म्हणाले. “वळचणच बंद केली तर भिंत बसते.”

धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात, यमकवग्गात, नीट न शाकारलेल्या घरात पाऊस शिरण्याची उपमा आहे. आम्ही ती विहारात अनेकदा म्हटली आहे. पण छप्पर नीट शाकारणे म्हणजे नुसते झाकणे नव्हे, हे त्या शेडमध्ये पहिल्यांदा लक्षात आले.

वळचणीवरून दुसरे आठवले. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी कोणाच्या तोंडून ऐकली असेल, आणि कशासाठी ऐकवली गेली असेल, ते वेगळे सांगायला नको. पण मोटरसायकलवर ही म्हण सपशेल खोटी आहे. साठच्या वेगाने चाललेल्या गाडीवर समोरून जी हवा आदळते तिचा दाब सुमारे पावणेदोन सेंटिमीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. ऐंशीच्या वेगाला तीन सेंटिमीटर. म्हणजे फटीच्या खालच्या ओठावर साचलेले पाणी वारा वर चढवून आत ढकलतो. उभ्या गाडीवर बादली ओतून काही कळत नाही ते यामुळे. आमची गाडी शेडमध्ये कोरडी राहायची आणि पाम बीचवर भिजायची. पाणी आढ्याला चढते, मागे जोर हवा.

फटी शोधायचे काम रात्री केले. शेडमधला दिवा बंद करून व्हायझरच्या आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि बाहेरून बघितले. जिथून उजेड येतो तिथे खडूची खूण. आम्हाला वाटले होते सात-आठ जागा असतील. एकोणीस निघाल्या. मग जिथे रबर होते पण टेकत होते की नाही याची शंका होती तिथे वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढायची. सहज आली तर रबर नुसते दिसण्यापुरते आहे. शेवटी एकाने सीटवर बसून हँडल धरले, दुसऱ्याने समोरून पाइपचे पाणी सरळ न मारता वरून तिरके, पावसासारखे मारले, आणि तिसरा मागून टॉर्च घेऊन आत बघत राहिला. पहिला थेंब कुठे दिसला ते महत्त्वाचे. नंतर सगळीकडेच पाणी दिसते. थेंब पडतो एका जागी आणि पाणी शिरते दुसऱ्या जागी, कारण ते वायरीच्या अंगाने सरपटत जाते.

पहिला थेंब उजव्या बाजूच्या मोठ्या फटीतून आला नाही. डावीकडच्या, नखही जेमतेम जाईल अशा फटीतून आला. मोठ्या फटीतून आत आलेले पाणी सरळ खाली पडून जात होते. बारीक फट मात्र पाणी धरून ठेवते, शोषते आणि कपलरपर्यंत नेते. आमचा डिप्लोमावाला म्हणाला, “केशाकर्षण.” काका म्हणाले, “बरोबर. शब्द ठाऊक होता तर लिंपत कशाला बसलास?”

आता इथे थोडे भांडण सांगायला हवे. त्यासाठीच खरे तर हे लिहायला घेतले.

दुसऱ्या रविवारी आम्ही विहाराच्या शेडमध्ये गाडी उघडून बसलो होतो तेव्हा विहार समितीतल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. विहाराच्या आवारात ऑइल, ग्रीस, घाणेरडी फडकी कशाला? पवित्र जागा आहे. आणि मग आमच्याकडे वळून, “बाबासाहेबांनी तुमच्या हातात पेन दिला. तुम्ही पुन्हा पाना घेऊन बसलात?”

आम्ही चिडलो. पण दादांची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. त्यांचे वडील महापालिकेच्या सफाई खात्यात होते. घरी आल्यावर ते अंगणातच अंघोळ करायचे, लेकराला हात लावायच्या आधी. दादा शिकले ते त्या हातांच्या जिवावर आणि ते हात आपल्या मुलांना मिळू नयेत म्हणून. आपल्या समाजात ‘हाताने काम’ म्हटले की पोटात जो गोळा येतो तो काही फुकाचा नाही. मेलेली गुरे ओढायचे काम सोडा, हे महाडपासून आपल्याला सांगितले गेले आणि आपल्या आजोबांनी बलुत्यावर, भाकरीवर पाणी सोडून ते पाळले.

पण मित्रांनो, सोडलेले काम कोणते होते? जे जन्माने गळ्यात बांधले होते, ज्याला मोल नव्हते, ज्यातून बाहेर पडायची मुभा नव्हती. ते काम आणि पाना एकच आहे का? इतिहास तर उलटे सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त होता, तिथे त्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कामगार तोंडाला कसा लावणार! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. म्हणजे कसब आपल्यावर लादलेले नव्हते, कसब आपल्यापासून राखून ठेवलेले होते. झाडू दिला होता, माग दिला नव्हता. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी जातीला श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी म्हटले त्यामागे हे सगळे बघितलेले होते. आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, तशीच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीही मागितली. पेन आणि पाना एकाच कागदावर. यातला पाना आपण कधी खोडला?

हे आम्ही दादांना इतक्या नीट बोललो नाही. आरडाओरडा झाला. आमच्यातला एक म्हणाला, “ग्रीसचा हात विहारात चालत नाही म्हणता, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?” हे जास्त झाले, दादांचे डोळे भरले. आणि तरी आम्हाला वाटते, वाक्य बोलायची पद्धत चुकली, वाक्य चुकले नाही. आमचा हा भाऊ सीवूड्सच्या ज्या टॉवरांमध्ये जेवण घेऊन जातो तिथे काही ठिकाणी त्याला ‘सर्व्हिस लिफ्ट’ दाखवतात. कचरा आणि सामान जाते ती. ओला रेनकोट हे कारण. रहिवासी पोहून आला तरी त्याला पुढची लिफ्ट. ज्याला रोज संध्याकाळी ती लिफ्ट दाखवली जाते त्याला रविवारी सकाळी आपल्याच विहाराने ‘मागे बसा, घाण होते’ म्हणायचे?

तोडगा काढला तो समोरच्या चाळीतल्या आजींनी. त्यांच्याकडे विहाराची चावी असते. त्या एक जुने नऊवारी लुगडे घेऊन आल्या, शेडच्या फरशीवर अंथरले आणि म्हणाल्या, “खाली सांडू नका, झाल्यावर झाडून घ्या. वंदनेच्या वेळी ठोकाठोकी नको.” नियम झाला. दादा त्या दिवशी निघून गेले.

काम पुढे असे झाले. सगळ्यात आधी रबर नाही, ब्रॅकेट. फट एका बाजूला नखाएवढी आणि एका बाजूला करंगळीएवढी का, तर आतली लोखंडी ब्रॅकेट जुन्या ठोकरीत वाकली होती. कितीही रबर भरले असते तरी व्हायझर तिरकेच बसले असते. काकांनी ती काढून लाकडी ठोकळ्यावर सरळ केली, गंजाला कागद मारून रंग दिला. मग सगळे स्क्रू सैल ठेवून व्हायझर बसवले, दोन्ही बाजूंना फट सारखी आली की मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. स्क्रूंखालच्या रबरी वायसर तिघांच्या गायब होत्या. तिथूनही पाणी येत होते. आता फट सगळीकडे साधारण सहा मिलिमीटर.

रबर आणायला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे पट्टी मीटरवर मिळते. साधे रबर घेऊ नका. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला दोन-तीन वर्षांत चिरतात. ईपीडीएम म्हणून मागा, गाड्यांच्या दारांना असते ते. सहा मिलिमीटरच्या फटीला आठ मिलिमीटरची पट्टी घेतली. पाव भाग दबली पाहिजे. त्याहून जाड घेतली तर रबर व्हायझरलाच बाहेर ढकलते आणि कोपऱ्यात नवी फट पडते. फोमची पट्टी घ्यायची झाली तर तुकडा पाण्यात बुडवून दाबा आणि सोडा. पाणी पीत असेल तर तो स्पंज आहे, परत द्या. ईपीडीएमला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावायचे नाही, ते फुगते. सरकवायला हाताशी टाल्कम पावडर होती, तीच वापरली. ती पांढरी उठते त्यावरून पट्टी कुठे टेकली तेही दिसते.

पट्टीचा सांधा कुठे आणायचा यावर आमच्यात वाद झाला. दिसू नये म्हणून डिप्लोमावाल्याला तो वर, मीटरच्या खाली दडवायचा होता. काकांनी खाली आणायला लावला, तळाच्या खाचेपाशी. सांधा कधीतरी सुटणारच. सुटला तर तिथून पाणी बाहेर जावे. तळाच्या दोन्ही खाचा आणि श्वासाची नळी सुईने साफ केली. कळंक चढलेल्या पिना घासून, स्पिरिटने पुसून, कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरले. आणि वायरी कपलरमध्ये शिरायच्या आधी खाली झोळीसारख्या लोंबत्या बांधल्या, म्हणजे वायरीवरून येणारे पाणी झोळीच्या तळाशी टपकून जाते, चढून कपलरमध्ये जात नाही. एस.टी.त असेच बांधायचो, काका म्हणाले. सगळा खर्च सातशे चाळीस रुपये, लोकलची तिकिटे धरून. काकांनी काही घेतले नाही, जेवून गेले.

ऑगस्टच्या १८ आणि १९ तारखेला मुंबई-नवी मुंबईत झालेला पाऊस सगळ्यांना आठवत असेल, शाळा बंद ठेवल्या होत्या. त्या दोन रात्री तो कामावर होता. आम्ही त्याला फोन करून सांगितले की जाऊ नकोस. तो म्हणाला, “या दोन रात्रींत आठवड्याचं निघतं.” तेव्हा ते सर्वांत टोचले. आम्ही त्याचा दिवा पेटता केला होता, आणि पेटत्या दिव्यामुळे तो अशा पावसात बाहेर पडू शकत होता ज्यात कोणालाच बाहेर पाठवायला नको. फटीचा प्रश्न सुटला होता. त्या रात्री रस्त्यावर कोणी असावे हा प्रश्न व्हायझरमध्ये नव्हताच. यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. पोरांची संघटना बांधायचे बोलणे चालू आहे, ते स्वतंत्र लिहू.

एक वाजता तो विहारापाशी आला, गाडी उभी केली. आम्ही टॉर्च घेऊन आत बघितले. कपलर कोरडे. हेडलाइटच्या काचेवर खाली एका कोपऱ्यात जरा धुके होते, दिवा दहा मिनिटे चालू ठेवला तसे गेले. मोबाइल चार्जरची वायर नेण्यासाठी त्याने स्वतः पाडलेल्या भोकातून मात्र पाणी आले होते. त्याला काय करायचे ते त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यानेच रबरी ग्रोमेट बसवला.

त्यानंतर त्याने आणखी तीन पोरांच्या गाड्या शेडमध्ये आणल्या. एकीला व्हायझर नाहीच, नुसता गोल दिवा, तिला फक्त मागची टोपी आणि कपलर. वाचनाची वेळ आम्ही बदलून रविवारी दुपारी तीनला केली, तेव्हा ऑर्डरी कमी असतात. गाड्यांची कामे वाचनानंतर. ७ ऑक्टोबरला, आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपला तेव्हा वाचनाला नियमित येणारे अकरा जण वाढले होते, त्यातले सात डिलिव्हरी करणारे. दादा सांगतेच्या दिवशी आले. शेडपाशी थांबले, लुगडे उचलून खालची फरशी बघितली, आणि विचारले की त्यांच्या मुलाच्या स्कूटरच्या डिकीत पाणी येते, तिचे रबरही असेच मीटरवर मिळते का.

उरलेली साडेतीन मीटर पट्टी विहाराच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, ग्रंथांच्या मागे गुंडाळून ठेवली आहे. सिलिकॉन ग्रीसची डबी आणि लाकडी पाचरही तिथेच. लागली तर घेऊन जा, चावी आजींकडे आहे. नेताना किती नेली ते दाराआडच्या वहीत लिहा.

जय भीम.